कोदोचा रखवाला

आमच्या ह्यांचा आवाज मोठा होता. साताऱ्याकडचा माणूस, नोकरी रेल्वेची आणि त्यातही गिट्टीच्या खाणीवरची. दिवसभर सुरुंगांच्या धडाक्यात मजुरांवर ओरडायचं आणि घरी येऊन त्याच पट्टीत मला हाक मारायची. शेजारच्या क्वार्टरमधल्या राधाबाई म्हणायच्या, तुमच्याकडे काय शिजतंय ते आम्हाला तुमच्याआधी कळतं.

माझं माहेर झाशीतलंच, बड्या बाजाराच्या मागच्या गल्लीतलं. पेशव्यांच्या फौजेबरोबर आलेली आम्ही माणसं. इतक्या पिढ्या इथे काढल्यावर आमच्या मराठीत अर्धी बुंदेली मिसळली होती, आणि त्यावरून हे मला चिडवायची एक संधी सोडत नसत. मी म्हणायची, तुमच्या शुद्ध मराठीवर इथे कोथिंबिरीची काडी मिळत नाही, माझ्या बुंदेलीवर घर चाललंय. ते खरंही होतं. खाणीवर मजुरांशी काही अडलं की हे मला ट्रॉलीवर बसवून घेऊन जात. मी दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवी.

खाण बबीन्याच्या अलीकडे होती. रुळाला लागून एक टेकडी, तिला तिकडे टोरिया म्हणतात, आणि तिच्या पायथ्याशी सहरियांची वस्ती. सहरिया म्हणजे रानातली माणसं. डिंक, चिरोंजी, मोहाची फुलं गोळा करायची आणि डोंगरउतारावर कोदो, म्हणजे हरकासारखं भरड धान्य, पेरायचा, यावर त्यांचं पोट. एक उतार दोन-तीन वर्षं पेरायचा, मग त्याला विसावा द्यायचा आणि पुढच्या उतारावर जायचं, अशी त्यांची वहिवाट. पण रेल्वे आली, स्लीपरना लाकूड लागलं, आणि सरकारने रान बंद केलं. पुढचा उतार उरलाच नाही. टोरियाच्या माथ्याजवळचा एक पट्टा तेवढा सगळ्या वस्तीचं शेत म्हणून राहिला होता. आता दुसरा रूळ पडायचा होता, त्याला खडी हवी होती, म्हणून टोरियाही रेल्वेने घेतली. वस्तीतल्या बायका खालून तीच टोरिया फोडून मजुरी मिळवत होत्या आणि वर त्यांचाच कोदो वाऱ्यावर हलत होता. मला ते बघून कसंतरी व्हायचं. ह्यांनाही व्हायचं, पण नोकरी ती नोकरी.

त्या लोकांची एक रीत होती. पेरलेलं वर आलं की वस्तीतल्या एका माणसाला ओवाळून मचाणावर चढवायचं. तो रखवाला. राघू आले की त्याने "हो, हो" करून उठवायचे. भाकरतुकडा त्याला वर पोचायचा. पीक घरी येईपर्यंत तो उतरायचा नाही, आणि उतरायचा तेही असं सहज नाही. त्याच शेतातला नवा कोदो मचाणाखाली शिजवायचा, धूर वर गेला की त्याला नाव घेऊन हाक मारायची, आणि उतरल्यावर पहिला घास त्याच्या तोंडात घालायचा. त्या साली रखवाला होता हरजू. त्याची बायको फुलिया खाणीत गिट्टी फोडायची आणि बाजाराच्या दिवशी माझ्या दारात लाकडाची मोळी टाकायची. कामाला वाघीण, बोलायला कंजूष.

पीक पिवळं पडायला लागलं आणि नेमका वरून हुकूम आला की माथा लगेच उडवा. वस्तीने हातापाया पडून थोडी सवड मागितली. ह्यांनी वरच्या साहेबांकडे एकदा विचारूनही पाहिलं. नाही म्हणजे नाही. मग ह्यांनी वस्तीला शब्द दिला की सिव्हिल लाइन्समध्ये जंगलाचे जे साहेब बसतात त्यांच्याशी मी स्वतः बोलतो, बंद रानातला पलीकडचा उतार तुम्हाला पेरायला मिळवून देतो. ते मीच त्यांना बुंदेलीत सांगितलं. फुलियाने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मान हलवली.

पण हरजू उतरेना. त्याला पुकारा झाला नव्हता. शेवटी ह्यांच्या सांगण्यावरून दोन धटिंगणांनी त्याला काखेत धरून शिडीवरून खाली आणलं. बायकांनी तोंडाला पदर लावले, म्हातारे जमिनीवर बसले. ह्यांना त्याचा राग आला. राग म्हणजे तसा नाही, शिकलेल्या माणसाला येतो तो. ह्यांची भीती आत्ता घालवतो म्हणाले आणि टोपी सावरत स्वतः मचाणावर चढले. तोंडाशी हात धरले आणि त्या दांडग्या आवाजात ओरडले, "हो! हो!"

शेतातून राघूंचा थवा उठला. मजूर हसले, मुकादम हसला, मीही हसले, कारण ते दिसतही होते मजेदार. फक्त फुलिया कोदोत शिरून ओंब्या ओरबाडत होती. एका कोपऱ्यातलाच कोदो पिकला होता, बाकी सगळा हिरवा. जेवढा मुठीत आला तेवढा तिने पदरात बांधला. दुपारी सुरुंग लावले. शेत, मचाण आणि टोरियाचा माथा, सगळं खाली आलं.

ह्यांचा घसा बसला तो त्याच आठवड्यात. मी आधी थट्टाच केली. म्हटलं, बरं झालं, राधाबाईंना झोप लागेल. मग ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, रेल्वेच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. घसा साफ होता. सूज नाही, ताप नाही. आवाज मात्र रोज थोडा कमी होत गेला आणि दसऱ्याला सोनं देताना ह्यांचे नुसते ओठ हलले. त्यानंतर तेही थांबलं. ताट वाढलं की जेवायचे, कोट दिला की घालायचे, खाणीवर जायचे आणि खुणांनी काम करवायचे. माझ्याकडे बघायचे ते लांबून बघितल्यासारखं. मी फार घाबरले. ज्या आवाजाला मी जन्मभर नावं ठेवली त्याच्याशिवाय मला घरात बसवेना.

एक दिवस हे डबा विसरले म्हणून मी गिट्टीच्या गाडीने खाणीवर गेले. ऐन दुपार होती. मजूर काम टाकून रुळापलीकडे जाऊन बसले होते. मुकादमाला विचारलं तर तो माझ्या नजरेला नजर देईना, म्हणाला जेवणाची सुट्टी आहे. मी खाणीच्या कडेला गेले. समोर मोठा खड्डा, त्यात ऊन, आणि वर मोकळं आभाळ. पूर्वी टोरियाचा माथा होता तिथे आता नुसती हवा होती.

राघू आले. मोठा थवा. खड्ड्यावर आल्यावर ते एकदम खाली झुकले आणि त्या मोकळ्या हवेतच, एका ठराविक उंचीवर, फडफडत थांबले. मान खाली घालून काही टिपावं तसं टिपायला लागले. आणि वरून आवाज आला. "हो! हो!" थवा उठला.

तो माझ्या नवऱ्याचा आवाज होता. आणि हे माझ्यापासून चार हातांवर दगडावर बसले होते, ओठ मिटलेले, हात मांडीवर.

मी तिथेच खाली बसले. राघू फिरून आले. या वेळी दुसरा आवाज उठला, बारीक, थोडा नाकातला, "हो, हो." मग पुन्हा ह्यांचा. दोघं आळीपाळीने राखण करत होते. माझ्या डोक्यावर काही पडलं म्हणून हाताने झाडलं तर कोदोचं फोल होतं. हातात धरलं तसं ते विरून गेलं.

फुलियाला मी तिच्या झोपडीत गाठलं. हरजू दाराशी बसला होता. त्याला खाली आणलं त्या दिवसापासून तो एक शब्द बोलला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. गिट्टी फोडताना तो बोलतो की नाही याच्याशी कुणाला काय देणंघेणं. मी तिला काय ऐकलं ते सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही.

"बे उतरे नइयां, बाई," ती म्हणाली. "खाली देह उतरी है." म्हणजे नुसता देह उतरला, ते वरच आहेत.

हरजूला पुकारल्याशिवाय उतरवला होता. आणि साहेब न चढवता चढले, वर जाऊन हाकही दिली. हाक दिली म्हणजे राखण पत्करली. आता पुकारा झाल्याशिवाय दोघेही तिथेच राहणार. शेत खाली पडलं ते तुम्हा लोकांसाठी, वरच्यांना ते दिसतंय तसंच आहे. हे तिने मला एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं, मधेमधे चुलीतली लाकडं आत सारत.

मग तिने गाडग्यातून ती मूठ काढली. पदरात बांधून आणलेला कोदो. त्या शेताचं एवढंच उरलं होतं. तिला पुकारा करायचा होता, पण खाणीत सुरुंगाची दारू ठेवलेली, तिथे विस्तव न्यायला सक्त बंदी, आणि त्या जागेखेरीज दुसरीकडे शिजवून चालणार नव्हतं. मी म्हटलं, विस्तवाचं मी बघते. दिवाळीच्या पाडव्याला खाण बंद असते. ह्यांनी मान हलवली की मुकादम दारूच्या पेट्या लांब हलवील. तू दोघांनाही बोलाव.

ती म्हणाली, मूठ एकच आहे, एकच माणूस उतरेल. अर्धा घास दिला तर अर्धाच माणूस येतो, तसं मागे एकदा झालं होतं आणि ते कुणाला बघवलं नव्हतं. एवढं बोलून तिने चुलीकडे पाठ केली. हरजूकडे बघत होती. मी मागायला आले होते आणि माझ्या तोंडून मागणं निघेना. मग तीच बोलली.

"हमाए आदमी की को सुनत, बाई? बे उतर आए तो गिट्टी फोडहें. तुमाए साब बोलहें तो जमीन मिलहे."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला, आणि मग त्या बाईच्या तोंडाकडे बघवेना. सगळ्या वस्तीसाठी ती आपला माणूस वर ठेवत होती, कारण त्याच्या आवाजाला झाशीत किंमत नव्हती.

पाडव्याला सकाळी ओवाळून झाल्यावर मी ह्यांना घेऊन गेले. वस्तीतली थोडी माणसं आली होती. बाकीची कामाच्या शोधात पांगली होती. हरजूलाही आणून बसवलं होतं. फुलियाने खड्ड्याच्या बरोबर मध्यावर तीन दगड मांडले, कोदो कांडला, पाखडला आणि बिनमिठाचा शिजत घातला. वारा नव्हता. धूर सरळ वर गेला. वर, जिथे मचाण होतं त्या उंचीला, तो अडला आणि आडवा पसरला, घराच्या तुळयांखाली पसरतो तसा. सगळ्यांनी ते पाहिलं.

पळसाच्या पानाच्या द्रोणात भात काढून फुलिया ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे वळली. "साब को नांव का है?"

तिथल्या एकालाही ह्यांचं नाव ठाऊक नव्हतं. ते सगळ्यांचे गिट्टीसाब. मुकादम पेट्यांपाशी लांब थांबला होता. मी तोंड उघडलं. माझ्यासारखी फटकळ बाई, भर बाजारात दुकानदाराची खरडपट्टी काढणारी, आणि ते चार अक्षरी नाव माझ्या जिभेवर येईना. लग्नात घेतलेला उखाणा आठवला, मंगळागौरीला घेतलेला आठवला, आणि दरवेळी नावापाशी आलं की जीभ अडकली. नवऱ्याचं नाव उघड्यावर घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे मला आईने, आजीने, आत्याने, सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं. आणि त्या घटकेला, ह्यांचा जीव त्या हवेत टांगलेला असताना, मी ते तुटेल म्हणून गप्प राहिले. आयांनी मुलींना काय काय शिकवून ठेवलेलं असतं!

फुलियाला माझं कळलं. तिनेही कधी हरजूचं नाव घेतलं नव्हतं. तिने मान वर केली आणि नावाशिवाय हाक मारली.

"ओ रखवारे! नओ अन्न आ गओ, उतर आओ!"

वरचे आवाज थांबले. मग कुठलाही कडा जवळ नसताना बारीक खडे घरंगळल्याचा आवाज आला, वरून खाली, खाली, शिडीची पायरी करकरावी तसं काही, आणि आमच्यात येऊन थांबला. फुलियाने घास ह्यांच्या तोंडात घातला. हे चावले, गिळले, खोकले. आणि बोलले.

"फुलिया, बुकरियां कितै हैं?"

बारीक, थोडा नाकातला आवाज. शेळ्या कुठे आहेत म्हणून हरजू विचारत होता. नावाशिवाय हाक गेली, आणि ओवाळून चढवलेला रखवाला तोच, म्हणून तोच उतरला. ह्यांनी दचकून स्वतःच्या तोंडावर हात दाबला. डोळे ह्यांचेच होते आणि ते माझ्याकडे बघत होते. फुलियाच्या हातून द्रोण खाली पडला. तिच्या पायाशी बसलेल्या हरजूने तोंड उघडलं, पुष्कळ प्रयत्न केला, मान ताणली. काही आलं नाही. आणि वरून, मोकळ्या आभाळातून, माझ्या नवऱ्याचा तो दांडगा आवाज आला, "हो! हो!"

मी तेव्हा नाव घेतलं. किंचाळून घेतलं, कितीदा घेतलं ते माहीत नाही. पण द्रोण रिकामा होता.

तरी फुलिया म्हणाली की जंगलाच्या साहेबांकडे जाऊ या. देह तुमच्या साहेबांचा आहे, बोलणंही येतंय, आणि जमीन मागायला याहून जाणता आवाज कुठला आणायचा. मलाही ते पटलं, किंवा मला काहीतरी करायला हवं होतं. ह्यांना इस्त्रीचा कोट घातला, चांगली टोपी घातली. टांग्याने सिव्हिल लाइन्सला गेलो. फुलिया बाहेर कडुलिंबाखाली थांबली. जंगलाच्या साहेबांनी ह्यांना ओळखलं, हात मिळवला, बसायला खुर्ची दिली. मी मागे भिंतीशी उभी राहिले.

आवाजाने जमीन मागितली. पलीकडचा उतार द्या, सरकार, दोन साल पेरू, तिसऱ्या साली सोडून देऊ, झाड तोडणार नाही. ह्यांचे हात आपोआप जोडले गेले होते. साहेबांना आधी वाटलं की हे नक्कल करताहेत, आणि ते मनापासून हसले. आवाज थांबला नाही तसं हसणं थांबलं. त्यांनी मला विचारलं की ह्यांना बरं नाही का. मी म्हटलं, ते काय म्हणताहेत ते ऐका ना. साहेबांनी ऐकलं नाही. त्यांनी घंटी वाजवून चपराशाला बोलावलं, आणि चपराशाने खुर्चीवरच्या माझ्या नवऱ्याला दंडाला धरून उठवलं. कोट तोच होता, टोपी तीच होती. फुलियाने झाडाखालून आम्हाला बाहेर येताना पाहिलं आणि पदर सावरून ती उठली.

वस्ती आता तिथे नाही. काही लोक रुळाच्या कामावर पुढे गेले, काही कुठे गेले ते कुणालाच माहीत नाही. ती मूठच त्या शेताचं शेवटचं बियाणं होती, हे मला फार उशिरा कळलं. फुलियाने सांगितलं नव्हतं. ती आणि हरजू झाशीला आली आणि लाकूड विकून राहतात. ह्यांना रेल्वेने गोदामात घेतलं, तिथे बोलावं लागत नाही.

बाजाराच्या दिवशी फुलिया मोळी घेऊन येते. मागे हरजू, त्याच्याही डोक्यावर मोळी. ती ओसरीवर बसते आणि आतून तिच्या माणसाचा आवाज तिच्याशी बोलायला लागतो. शेळ्यांचं, मोहाचं, कुणाच्या तरी लग्नाचं. कधी कधी ती हसते. इतकी वर्षं मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हरजू पायरीवर बसून ऐकत राहतो आणि हे माझ्याकडे बघत राहतात. पहिल्यांदा मी तिला हाकलून दिलं होतं. दुसऱ्यांदा मीच तिला आत बोलावलं.

ती आली की मी शाल घेते आणि स्टेशनवर जाते. गिट्टीच्या गाडीचे गार्ड मला ओळखतात. दुपारभर खड्ड्याच्या कडेला बसते. आवाज अजून तसाच आहे, खणखणीत. मी घरचं सगळं सांगते, तिकडून फक्त राघूंना हाकललेलं ऐकू येतं.

परत येते तेव्हा फुलियाने माझं अंगण झाडून ठेवलेलं असतं. ती विचारते, "बोले?" मी हो म्हणते आणि तिला विचारते, बोलला का? ती मान हलवते. मग ती तिच्या मुक्या नवऱ्याला घेऊन निघते, आणि मी आत जाऊन तिच्या नवऱ्याच्या आवाजाला विचारते की भात वाढू का.